बॉस्टन पब्लिक लायब्ररीची जोडइमारत: दगड जुळला, दार अडलं

जुन्या सार्वजनिक इमारतीला नवी इमारत जोडायची म्हटलं की कमिटीच्या पहिल्या बैठकीत दोनच प्रश्न हमखास निघतात. उंची किती आणि दगड कुठला? बॉस्टनच्या कॉप्ली चौकातल्या पब्लिक लायब्ररीला १९७२ साली जी इमारत जोडली गेली, तिने या दोन्ही प्रश्नांत पैकीच्या पैकी मार्क मिळवले. तरीही २०१६ पर्यंत तिच्या दुरुस्तीवर ७ कोटी ८० लाख डॉलर घालावे लागले. छत गळत होतं किंवा खांब कुजले होते म्हणून नाही. रस्त्यावरचा माणूस आत यायला बिचकत होता म्हणून. जुन्या वास्तूशेजारी काही बांधायचं ज्यांच्या डोक्यात असेल, त्यांनी ही इमारत एकदा नीट बघावी. बॉस्टनला मुलांकडे आलेल्या आईवडिलांनीही बघावी. आत जायला एक सेंट लागत नाही.

आधी जुनी इमारत, कारण सगळा धाक तिचा आहे. चार्ल्स मॅकिम यांनी आखलेली ही वास्तू १८९५ मध्ये उघडली. डार्टमथ स्ट्रीटवर १३ कमानींची सलग रांग, आत रोमच्या एका राजवाड्यावरून घेतलेलं कमानदार अंगण, पिवळ्या सिएना संगमरवराचा जिना आणि त्यावर दोन दगडी सिंह. वर बेट्स हॉल हा मोठा वाचनकक्ष, २१८ फूट लांब आणि ५० फूट उंच. प्रवेशाच्या बाजूच्या छताकडे मान वर करून बघा. राफाएल ग्वास्ताविनो यांच्या पातळ विटांच्या कमानी आहेत, आणि त्यांचं अमेरिकेतलं पहिलं मोठं काम हेच. दरवाजावर कोरलंय ‘फ्री टु ऑल’, म्हणजे सर्वांना मोफत. बाहेरच्या भिंतीवर जगभरच्या थोरांची नावं कोरलेली आहेत आणि त्याची एक गंमत आहे. तीन फलकांवरच्या नावांची इंग्रजी आद्याक्षरं ओळीने वाचली की आर्किटेक्ट कंपनीचंच नाव तयार होत होतं: मॅकिम, मीड, व्हाइट. मोझेस, सिसेरो, मग ‘के’साठी चक्क कालिदास! वर्तमानपत्रांत बोंब झाली आणि ती नावं खरवडून दुसरी कोरावी लागली. कविकुलगुरूंना बॉस्टनमध्ये आद्याक्षरापुरतं राबवून घेतलं होतं, असंच म्हणायचं.

असल्या वास्तूला लागून काहीही उभं करायचं म्हणजे कठीणच काम. पण गरज खरी होती. मॅकिम यांची इमारत बंद कपाटांच्या काळातली. वाचकाने चिठ्ठी द्यायची, ती हवेच्या दाबाच्या नळीतून भांडारात जायची आणि पुस्तक छोट्या रुळगाडीवरून यायचं. विसाव्या शतकात वाचकाला स्वतः कपाटाशी उभं राहून पुस्तक चाळायचं होतं, घरी न्यायचं होतं. त्यासाठी मोकळे, सपाट, मोठे मजले लागतात आणि बेट्स हॉल कापून ते करता येत नाहीत. मग वाटणी ठरली. जुन्यात संशोधन, नव्यात देवघेव. ही वाटणी आजही तशीच आहे आणि ती बरोबर आहे. जुन्या वास्तूवर नव्या वापराचं ओझं न टाकणं ही जोडइमारतीची पहिली जबाबदारी असते.

नवं काम फिलिप जॉन्सन यांच्याकडे गेलं. त्यांनी तीन गोष्टी जुन्या इमारतीकडून घेतल्या: माथ्याची रेष, गुलाबी मिलफर्ड ग्रॅनाइट आणि कमानीचा वळसा. बॉयल्स्टन स्ट्रीटच्या पलीकडच्या फुटपाथवर उभं राहून दोन्ही इमारतींच्या कंगणीवरून नजर फिरवा. ती कुठेही अडखळत नाही. वरच्या पट्ट्यात भल्यामोठ्या अर्धवर्तुळाकार खिडक्या आहेत. मॅकिम यांच्या कमानींची नक्कल नाही, पण नातं कळतं. आतला आराखडा तर शाळकरी पोरालाही काढता येईल असा: तीन गुणिले तीन, नऊ चौकोन. मधला चौकोन मोकळा सोडून त्यावर वरून उजेड घेतलाय. हाच डेफरारी हॉल. या भागाला पाचपैकी साडेचार द्यायला हात कचरत नाही.

दगडाबद्दल मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. ‘तोच दगड आणला’ म्हणजे ‘तीच भिंत झाली’ असं नसतं. जुन्या भिंतीला जाडी असते. नव्या इमारतीत दगड हा सांगाड्यावर टांगलेला अंगरखा असतो. दोन्हींचं वागणं वेगळं. ग्रॅनाइट दर अंश सेल्सिअसला साधारण दशलक्षात ८ भाग वाढतो. ६० मीटर लांबीच्या पृष्ठभागावर हिवाळा आणि उन्हाळ्यात ५० अंशांचा फरक धरला तर २४ मिलिमीटर हालचाल होते. बॉस्टनला हा फरक सहज पडतो. जुन्या भिंतीत ती शेकडो बारीक सांध्यांत मुरते. टांगलेल्या शिळांमध्ये तिला मुद्दाम जागा ठेवावी लागते, म्हणजे ठरावीक अंतरावर मऊ सीलंटचा (रबरासारख्या भरणीचा) सांधा. सीलंटचं आयुष्य दगडाइतकं नसतं. वीसेक वर्षांनी ते कडक होतं, कडेने सुटतं आणि पाणी शिळेमागे शिरतं. शिळा धरणारे आकडे स्टेनलेस स्टीलचे नसतील तर ते गंजून फुगतात आणि दगडाचा कोपरा उडवतात. म्हणून बजेटमध्ये दगडाच्या भावाशेजारी सीलंट बदलण्याचा खर्चही त्याच दिवशी लिहायचा. आपल्याकडे तो कधीच लिहिला जात नाही. वीस वर्षांनी मग पोरगेलेसा ठेकेदार पांढरं सिमेंट भरून जातो, आणि सांधा कायमचा मेला.

रंगाचंही तेच. एकाच खाणीचा दगड असला तरी एक ७७ वर्षं धूर, पाऊस आणि बर्फ खाल्लेला आणि एक कोरा. पहिल्या दिवशी जुळवायला गेलात तर दोनच वाटा असतात. जुना घासून काढा, जे शक्यतो करू नये. नाहीतर फरक मान्य करा आणि काळावर सोडा. बॉस्टनला आता दोन्ही रंग बरेच जवळ आलेत.

जोड कुठे द्यायचा, हा नकाशावर दिसत नाही असा सगळ्यात महागडा प्रश्न. जुनी इमारत आपल्या जागी बसून झालेली असते, नवी अजून बसायची असते. दोन्ही घट्ट बांधल्या तर नवी खाली जाताना जुनीला ओढते आणि तडा नेमका जुन्याच्या नक्षीतून जातो. म्हणून दोन्हींचे खांब वेगळे, पाया वेगळा, मध्ये उभा मोकळा सांधा आणि त्यावर एका बाजूलाच पक्की केलेली, दुसऱ्या बाजूला सरकणारी पट्टी. छतावर फ्लॅशिंगचंही, म्हणजे सांध्यातून पाणी शिरू नये म्हणून लावलेल्या पत्र्याचंही, तसंच. एक पत्रा नव्या बाजूने वर चढवायचा, दुसरा जुन्या भिंतीतून त्यावर झुकवायचा, दोन्ही एकमेकांना खिळायचे नाहीत. साइटवर हमखास होणारी चूक म्हणजे शेवटच्या आठवड्यात प्लास्टरवाला ‘फट दिसते’ म्हणून सांधा लिंपून टाकतो. पहिल्याच पावसाळ्यात तिथून गळतं आणि दोष वॉटरप्रूफिंगवाल्याच्या माथी जातो.

बॉस्टनमध्ये याला आणखी एक काटा आहे. बॅक बे नावाची ही सगळी वस्ती भराव घालून केलेली आणि मॅकिम यांची इमारत त्या भरावात ठोकलेल्या लाकडी ओंडक्यांवर उभी. लाकूड पाण्याखाली बुडालेलं असेल तर शंभर वर्षं काही होत नाही. पाण्याची पातळी ओंडक्याच्या माथ्याखाली गेली की हवा लागते, बुरशी येते आणि माथा कुजतो. १९२९ मध्ये याच लायब्ररीला तडे गेले, खणून पाहिलं तर ओंडक्यांचे माथे कुजलेले. भूजल झिरपून गटारात जात होतं. कुजका भाग कापून खाली काँक्रीट भरावं लागलं. अशा जमिनीत शेजारी तळघर खणायचं म्हणजे पंप लावून पाणी उपसणार आणि तो उपसा जुन्याच्या पायाखालचं पाणी ओढणार. शहरात आज भूजलाच्या मोजणी-विहिरी आहेत. बॅक बे आणि आसपास नवं काम करताना पाणी पुन्हा जमिनीत मुरवण्याची सोय करावीच लागते. तळघरातल्या पुस्तकांचं दुखणं वेगळं. १९९८ च्या ऑगस्टमध्ये रस्त्यातली मोठी जलवाहिनी फुटली आणि लायब्ररीचं तळघर भरलं. तळघर कितीही कोरडं असलं तरी कपाटाचा सगळ्यात खालचा खण जमिनीपासून किमान १५ सेंटिमीटर वर ठेवा. आणि परत न मिळणारे कागद तिथे ठेवूच नका.

आता वजन. वाचनकक्षाला अमेरिकन प्रमाणानुसार चौरस फुटाला ६० पौंड भार धरतात आणि पुस्तकांच्या कपाटांच्या मजल्याला १५० पौंड. म्हणजे चौरस मीटरला सुमारे ३०० किलो आणि ७३० किलो, अडीचपट. आपल्या आयएस ८७५ या भारतीय मानकात कपाटांच्या खोलीला २.२ मीटर उंचीपर्यंत चौरस मीटरला ६ किलोन्यूटन आणि पुढच्या प्रत्येक मीटरला आणखी २ किलोन्यूटन धरतात. जोडइमारतीचा सगळ्यात मोठा उपयोग इथे आहे. सगळे मजले कपाटांच्या भारक्षमतेचे केले की उद्या कपाटं हलवून तिथे संगणक किंवा मुलांचा विभाग ठेवता येतो. उलटं होत नाही. वाचनकक्षाच्या भाराला आखलेल्या मजल्यावर कपाटं नेली की मजला वाकतो, दारं अडकतात, फरशीचा सांधा उघडतो. पैसे वाचवायला ‘इथे कपाटं येणार नाहीत’ असं लिहून घेणाऱ्या कमिटीने हे कुठेतरी ठळक लिहून भिंतीवर लावावं, कारण वीस वर्षांनी नवीन ग्रंथपाल येतो आणि त्याला ते कुणी सांगितलेलं नसतं.

एवढं सगळं नीट केल्यावर जॉन्सन यांची इमारत जिथे पडली, ती जागा डोळ्याच्या पातळीवरची आहे. तळमजल्याच्या खिडक्यांसमोर त्यांनी ग्रॅनाइटच्या उभ्या शिळांची रांग लावली आणि खिडक्यांना गडद काच. बॉयल्स्टन स्ट्रीट हा शहरातल्या सगळ्यात वर्दळीच्या रस्त्यांपैकी एक. बॉस्टन मॅरेथॉन संपते ती रेष इथेच, लायब्ररीच्या दाराशी. आणि त्या रस्त्याला लायब्ररीने दगडाची पाठ दिली. आत पुस्तकं आहेत की बँकेची तिजोरी, फुटपाथवरून चालणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. आत गेलात तरी दगडी, गंभीर लॉबी. ज्या संस्थेच्या जुन्या दारावर ‘सर्वांना मोफत’ कोरलंय तिच्या नव्या दारात ‘काय काम आहे?’ असं विचारल्यासारखं वाटायचं. या भागाला, जुन्या रूपात, पाचपैकी दीड. दीड तरी का, तर आत शिरल्यावर डेफरारी हॉलचा उजेड दिसायचा म्हणून.

दुरुस्ती विल्यम रॉन यांच्या कार्यालयाने केली. दोन टप्पे झाले. दुसरा मजला २०१५ च्या सुरुवातीला उघडला आणि तळमजला, मधला मजला, तळघर २०१६ च्या जुलैमध्ये. लायब्ररी बंद न करता काम करायचं असेल तर हाच क्रम बरा पडतो. आधी वरचा मजला पुरा करा, खालची पुस्तकं वर हलवा, मग खाली हातोडा. त्यांनी बाहेरच्या शंभरेक शिळांपैकी नव्वदहून जास्त काढून टाकल्या आणि गडद काच बदलून स्वच्छ काच लावली. रस्त्याकडेच्या भागात कॅफे आणि त्याला लागून डब्ल्यूजीबीएच या सार्वजनिक प्रसारकाचा स्टुडिओ आला. छताला लाटांसारखं वळण दिलं, भिंतींवर रंग आला. काही शिळा मुद्दाम ठेवल्यात. हा शहाणपणा आवडला. पुढच्या माणसाला कळायला हवं की इथे काय होतं.

रंगांबद्दल मतभेद आहे आणि तो इथे नोंदवायलाच हवा. जॉन्सन यांचा ग्रॅनाइट एक सूर लावून बसलाय आणि नवा लाल-नारिंगी त्यात मोठ्याने बोलतो. दहा वर्षांत बदलायचा भाग म्हणून ठीक, पण कायमचा म्हणून नाही. याउलट मुलांचा विभाग. तिथे रंग बरोबर बसलाय, कारण वापरणारा माणूस तीन फुटांचा आहे. नातवंडांना घेऊन जाणाऱ्यांनी सरळ दुसऱ्या मजल्यावर जावं. आताच्या रूपाला पाचपैकी चार.

याच रॉन यांच्या कार्यालयाने ॲन बेहा यांच्या कार्यालयासोबत नदीपलीकडे केंब्रिज शहराच्या लायब्ररीला २००९ मध्ये जोडइमारत केली होती. ती बघितल्याशिवाय बॉस्टनचं काम पुरतं कळत नाही. तिथली जुनी इमारत १८८९ ची, खडबडीत दगडाची, मनोऱ्याची. १९६७ ची एक आधीची जोड होती, ती सरळ पाडून टाकली. आधी केलेली जोडही काढता येते, हे मान्य करायला धीर लागतो. नवी इमारत दगडाची नक्कल न करता पूर्ण काचेची केली. पण साधी काच नाही, दुहेरी. बाहेरची एक भिंत, आतली एक भिंत, मध्ये सुमारे तीन फुटांची पोकळी. उन्हाळ्यात पोकळीचे वरचे आणि खालचे झरोके उघडतात, तापलेली हवा वर जाऊन बाहेर पडते. हिवाळ्यात ते बंद करून पोकळी गोधडीसारखी वापरतात. पोकळीतल्या आडव्या पट्ट्या थेट ऊन अडवतात. संध्याकाळी बागेतून बघितलं तर आत वाचत बसलेली माणसं दिसतात, आणि त्याहून चांगली जाहिरात लायब्ररीला दुसरी नाही.

खोट काय? खर्च दोन भिंतींचा आणि देखभालही. झरोक्यांच्या मोटारी बंद पडल्या की पोकळी भट्टी होते. पोकळीत माणूस शिरून काच पुसू शकेल एवढी जागा आणि जाळीची पायवाट आधीच आखावी लागते. ती वाचवली की चारपैकी दोन पृष्ठभाग कायमचे मळके. मुंबईच्या दमट हवेत आणि धुळीत हे जसंच्या तसं आणलं तर फसेल. तिथे हिवाळ्याची गोधडी कुणालाच नको आहे. आपल्याला खोल छज्जा आणि आरपार वारा हवा. मुंबईत काळाघोड्याच्या डेव्हिड ससून लायब्ररीत उतरतं छप्पर काढून घातलेला काँक्रीटचा सपाट स्लॅब २०२३ मध्ये पुरं झालेल्या जतनकामात काढून पुन्हा उतरतं छप्पर दिलं. हवामानाला विसरून केलेली जोड कधी ना कधी काढावी लागते, मग ती भिंत असो की छप्पर.

न बांधलेल्या जोडीचंही एक उदाहरण. स्टॉकहोमला गुन्नार आस्पलुंड यांच्या १९२८ च्या लायब्ररीसाठी मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, हजाराहून जास्त प्रवेशिका आल्या, २००७ मध्ये हाइके हनाडा यांना पहिलं बक्षीसही मिळालं. पुढे शहराने बेतच रद्द केला. तिथली जुनी इमारत आजही त्या जोडीशिवायच उभी आहे.

जायचंच असेल तर ग्रीन लाइनच्या कॉप्ली स्टेशनवर उतरा. आधी डार्टमथ स्ट्रीटच्या जुन्या दारातून शिरा, सिंहांच्या जिन्याने बेट्स हॉल बघा, खाली अंगणात जरा बसा आणि मग आतल्या आतच नव्या इमारतीत जा. उलट क्रमाने गेलात तर जॉन्सन यांच्यावर अन्याय होईल, कारण मॅकिम यांच्या अंगणातून आल्यावरच त्यांच्या मधल्या चौकाचा हेतू कळतो: तिथे उघडं आभाळ, इथे झाकलेलं. बाहेर पडताना बॉयल्स्टनच्या दाराने पडा आणि दोन इमारती जिथे भिडतात तिथे फुटपाथवर थांबा. डावीकडे कोरीव काम, उजवीकडे कोरी शिळा, आणि मध्ये दोन्हींचा जोड. एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी मात्र जाऊ नका. मॅरेथॉनचा दिवस, राज्याची सुट्टी आणि लायब्ररी बंद.